आकड्याखालची ओळ

मंगळवार, संध्याकाळ. फुकेत सुटलं.

मुरुडचे कापडदुकानवाले दादा बायको-लेकरांसंगं आमच्या जहाजावर आलेत. त्यांची खोली मीच झाडतो. मी उमरीचा म्हणल्यावर वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, आपल्याकडचंच पोरगं की!" सकाळी बंदरावर फिरायला निघताना दादांनी जहाजाचा वेळेचा कागद पुढं केला. "आपल्याला इंग्रजी जमत न्हाई बाबा, तूच वाच. परत कधी यायचं?"

मला आकडा तेवढा कळला. म्हणलं, "पाचला या. निवांत फिरा."

आकड्याखाली एक ओळ होती, ती काय ते मागनं दुसऱ्या पोरानं सांगितलं. पाच म्हणजे जहाजाच्या घड्याळातले पाच, अन् फुकेतचं घड्याळ तासभर मागं. दादांनी सरळ सांगितलं, जमत न्हाई. मला तेवढं सांगायला काय झालं होतं?

शिडी उचलायच्या टायमाला ते पळत आले. धाकटी दादांच्या कडेवर, रडून लाल, एका पायात चप्पल न्हाई. शिडीवरचा आमचा साहेब सगळ्यांसमोर ओरडला, "टाइम किसने बताया?" मी तिथंच टॉवेल घेऊन उभा. दादांनी माझ्याकडं बघितलं अन् म्हणाले, "हमारी गलती है साहब."

नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसलो. तो चिखलाचा उघडा पाय डोळ्यापुढून हालंना. वहिनी जाताना हळूच म्हणाल्या, "घाबरू नको, गडबडीत होतं असं."

गडबडीत! शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वहिनी, गडबड कसली? मला इंग्रजी वाचताच येत न्हाई.