पहिली दहा मिनिटं

३ फेब्रुवारी

बसलं एकदाचं यंत्र! मुलाम्याच्या खात्यात, धुण्याच्या टाक्यांना खेटून. घरच्या आरओचा थोरला भाऊ — एका भिंतीएवढा. आणि चालवणार कोण, तर मी! आठ वर्षं नळ खोक्यात भरणारी बाई आजपासून पाण्याची ऑपरेटर. मालकांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं. मुलामा चढल्यावर नळ ज्या पाण्यात धुतो, ते आजवर गटारात जायचं. एक मार्चपासून थेंबही बाहेर सोडायचा नाही. तेच पाणी यंत्रातून गाळून पुन्हा वापरायचं. अठ्ठावीसला तपासणी. जमलं तर जमलं, नाहीतर मुलाम्याचं खातं बंद आणि आम्ही अकरा जण घरी.

अकरांतले दोघं एकाच घरातले. मी आणि माझे सासरे. अण्णा बत्तीस वर्षं त्या टाक्यांवर आहेत. पाणी कधी बदलायचं ते अण्णा ठरवतात. खिशात आरशाचा एक तुकडा असतो. त्यावर टाकीतला थेंब ठेवायचा, वाळू द्यायचा. पांढरं कडं राहिलं की पाणी खराब. मी एकदा म्हटलं होतं, अण्णा टाकी बघतात की भांग पाडतात! सगळे हसले, ते नाही हसले.

आज सगळ्यांदेखत म्हणाले, हे काही चालायचं नाही. मग घरी येईपर्यंत एक शब्द नाही. जेवतानाही नाही.

५ फेब्रुवारी

डाग! सकाळच्या पहिल्या खेपेतले साठ नळ पांढऱ्या ठिपक्यांचे. दुपारचे मात्र लखलखीत. पाण्यातला क्षार मोजणाऱ्या मीटरचा आकडा चोख. यंत्र सुरू केल्यापासून तासातासाला वहीत लिहितेय, एकदाही चुकलेला नाही.

७ फेब्रुवारी

पुन्हा तेच. सकाळी डाग, दुपारी स्वच्छ. यंत्रवाल्या कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणे, आकडा बरोबर आहे ना, मग यंत्र बरोबर आहे. छान! म्हणजे नळच खोटं बोलतायत.

पॅकिंगमधल्या मैत्रिणीने डबा अर्धा केला माझ्याबरोबर. बरं वाटलं.

८ फेब्रुवारी

मालकांनी बोलावून विचारलं, जमेल ना? मी हो म्हटलं. घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले. ह्यांनी शिवणयंत्र थांबवलं, चहा ठेवला. म्हणाले, तू नाही जमवलंस तर कुणालाच जमणार नाही. नवरा लग्नात मिळाला, तो असा असेल हे कुठे ठाऊक होतं. अण्णा खाटेवर पाठ करून पडले होते. ऐकत असणार सगळं.

१० फेब्रुवारी

अण्णांनी सकाळी फिरायला जायचं काढलंय. गुडघ्यांसाठी, म्हणे. साडेसहाला चपला घालून बाहेर, तिकडूनच परस्पर कामावर. आठ वर्षं आम्ही एकत्र चालत जातो. आता माझ्याबरोबर चार पावलंही नकोत. रुसा खुशाल!

१३ फेब्रुवारी

डाग गेले!! तीन दिवस एक ठिपका नाही. रविवारी मी पुढची गाळणी सोडवून ब्रशने घासली होती, तिचाच हा गुण. मालकांनी सगळ्यांसमोर तोंड भरून कौतुक केलं. मुलामा करणारे टाळ्या वाजवत होते. अण्णा टाकीवर वाकलेले, आरसा बघत.

एकदा तरी ‘बरं केलंस’ म्हणायचं!

१८ फेब्रुवारी

अजूनही स्वच्छ. आज मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले — मालकांचे, ह्यांचे, मैत्रिणीचे, त्या गाळणीचेसुद्धा. अण्णांचं नाव घेता घेता राहिले. खोटं कशाला बोलू?

२१ फेब्रुवारी

अण्णांना काल संध्याकाळपासून ताप. आज फिरणं नाही, काम नाही.

आणि आज डाग! पहिली खेप पूर्ण वाया. सात दिवस राहिलेत. घरी येऊन ह्यांना सांगत होते, तर आतून आवाज आला.

"पहिलं पाणी सोडलंस का?"

कुठलं पहिलं पाणी?

अण्णा उठून बसले. गोधडी अंगाभोवती घेऊन सावकाश सांगितलं. यंत्र रात्रभर बंद असतं. तेवढ्यात घाण बाजूचा क्षार यंत्रातल्या गाळायच्या पडद्यातून हळूहळू चांगल्या बाजूला झिरपतो. सकाळी यंत्र सुरू केलं की पहिली दहा मिनिटं तेच पाणी येतं आणि थेट शेवटच्या टाकीत पडतं. तासाभराने मी मीटर बघते तेव्हा येणारं पाणी चांगलं असतं. टाकी मात्र आधीच नासलेली, ती निवळेपर्यंत दुपार होते. ते पहिलं पाणी मागच्या, घाण पाण्याच्या टाकीत वळवायचं, आरशावर कडं उमटेनासं झालं की पुढे सोडायचं. बस.

म्हणजे फिरायला म्हणून जात होते ते हे! वॉचमन कुलूप काढून द्यायचा. दहा मिनिटं पाणी वळवून यंत्र बंद करायचे आणि मी पोचायच्या आत बाकड्यावर जाऊन बसायचे. आणि मी गाळणीच्या नावाने मिरवत होते!

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "मालकांपुढे तुझं तुला जमलेलं दिसायला हवं होतं. नंतर सांगणारच होतो."

मी ताट वाढायला आत गेले. डोळे पुसून मग वाढलं.

२४ फेब्रुवारी

आता दोघं साडेसहाला निघतो. पाणी मी वळवते, आरसा अण्णा धरतात. आज तो माझ्या हातात दिला. सांगितलं, तिरका धर, उजेडाकडे. सहाव्या मिनिटाला बारीक कडं, दहाव्याला काही नाही. मीटरही तेच म्हणाला. अण्णा मीटरकडे बघून म्हणाले, शिकतोय हळूहळू.

इतकी हसले की वॉचमन बघायला आला.

२८ फेब्रुवारी

पास! तपासणीवाल्या बाईंनी साठ नळ एकेक करून उजेडात फिरवले. एक डाग नाही. गटाराकडे जाणाऱ्या पाइपाचं तोंड सिमेंटने बुजवलं. अकरा जणांचा जीव भांड्यात पडला. मी अण्णांच्या पाया पडले, तिथेच, ओल्या फरशीवर. ते म्हणाले, ऊठ, साडी भिजेल.

मालकांना सगळं खरं सांगितलं. गाळणी नाही, मी नाही, अण्णा. मालक म्हणाले, उद्या बोलू.

१ मार्च

सकाळी अण्णा माझ्या आधीच चपला घालून गेलेले. वाटलं, पुढे गेले असतील. कारखान्यात नव्हते. वॉचमनने त्यांना पाहिलंच नव्हतं. डब्याच्या पिशवीत हात घातला तर रुमालात गुंडाळलेला आरसा.

मालक म्हणाले, "काल त्यांचा शेवटचा दिवस होता. यंत्र पास झालं तर टाक्यांवर वेगळा माणूस ठेवणार नाही, हे मी त्यांना तीन तारखेलाच सांगितलं होतं."

तीन तारखेलाच.

पहिलं पाणी मी एकटीने वळवलं. दहा मिनिटं.

अण्णा आज खरंच फिरायला गेले होते.