पायरीवरचा इसम

सोमवार, ७ फेब्रुवारी १९३८

नोटीस आली! पुण्याच्या पोलीस खात्याचे मोटार इन्स्पेक्टर येत्या १६ तारखेला जातीनं इकडे येणार. आजवर वर्षातून एकदा मोटार पुण्याला न्यायची, तिथं साहेबांनी तिच्याभोवती एक फेरी मारायची, की झालं पासिंग. आता साहेब स्वतः येऊन चालवून बघणार. सकाळी आठ वाजता बारामतीत आमच्या सोपानची मोटार, दुपारी दोनला इंदापुरात रावजीची.

सोपान नोटीस घेऊन बुकिंगच्या खोलीत आला. मोटारीचा मालक तो, ड्रायव्हर तो, पण अक्षराशी त्याचं वाकडं. म्हणून वाचायचं मी. दोनदा वाचून घेतली.

"मास्तर, पास न्हाय झाली तर?"

"तर परवाना गेला. तू आपला काटेवाडीला वांगी लाव."

हसला नाही. वांग्यांचा मळा मोडूनच मोटार घेतली होती त्यानं.

मी मात्र — इथं खरं लिहायला कोण अडवतंय — मी खुशीत आहे! शाळाखात्याच्या इन्स्पेक्टरवर आरती रचली म्हणून माझी मास्तरकी गेली, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून सोपानची तिकिटं फाडतोय. एवढ्या काळात इन्स्पेक्टर नावाचा एकही प्राणी तावडीत सापडला नव्हता.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

मोटारीची यादी केली. चालतं ते: इंजिन. न चालणारं: उरलेलं सगळं.

गुरुवार, १० फेब्रुवारी

आज बाजार. गर्दीतून वाट काढत रावजी इंदापूरहून येऊन धडकला. रावजी आणि सोपान एरवी एकमेकांचे उतारू पळवतात, रस्त्यात एकमेकांना धूळ चारतात. पासिंग आलं की सख्खे भाऊ. कारण दोघांत मिळून पासिंगचे दागिने एकच! दोन दिवे, एक भोंगा, एक आरसा, आणि ज्यांच्यावर अजून नक्षी दिसते असे टायर चढवलेली चार चाकं. हे सगळं एरवी माझ्या खोलीत कुलपात असतं. एका आठवड्यात सोपानची मोटार ते घालून पुण्याला जायची, पुढच्या आठवड्यात रावजीची. शेजारणीची बोरमाळ घालून दोघी बहिणींनी पाळीपाळीनं दाखवून घ्यावं, तसं.

आता दोघींना एकाच दिवशी बघायला येणार!

"मास्तर, चाकं मला द्या," रावजी म्हणाला.

"आधी माजी हाय रं!"

"तुजी आधी, म्हंजी माजी नागडी उबी करू व्हय?"

मी दोघांना गप्प केलं आणि तोड सांगितली. सोपानची मोटार सकाळी पास होईल. मग साहेबांना आग्रह करायचा, की इंदापूरला ह्याच मोटारीनं चला. दागिने आपोआप इंदापूरला पोचतात. तिथं रावजीच्या घरी साहेबांना जेवायला बसवायचं. पुरणपोळी, कटाची आमटी, वर विडा. तेवढ्या वेळात वाड्यामागं एकीच्या अंगावरचं काढून दुसरीच्या अंगावर!

रावजी माझ्या पायाच पडला. सोपान म्हणाला, "मास्तर, तुमी चोर झाला असता तर नाव काडलं असतं."

शनिवार, १२ फेब्रुवारी

एक दागिना उसना मिळत नाही — ब्रेक.

आमचा ब्रेक म्हणजे सिद्धू. वय पन्नास, पूर्वी मेंढरं राखायचा. बाभळीचा ठोकळा काखेत धरून मागच्या पायरीवर उभा असतो. सोपाननं आरोळी दिली की उडी मारतो आणि चाकाखाली ठोकळा सारतो. तीन वर्षं हेच चाललंय. दुसऱ्या मोटारींचे ब्रेक तेल मागतात, आमचा विडी मागतो.

"खरा ब्रेक दुरुस्त करून घे ना," मी सोपानला म्हणालो.

"सामान पुण्याहून यायला महिना जाईल. आदी पास हुंदे, मग बगू."

ठरलं! साहेब पुढं सोपानशेजारी बसतील, त्यांना मागचं दिसणार नाही. 'थांबव' म्हणाले की सोपाननं गियर टाकायचा आणि ओरडायचं, "चांगभलं!" ही सिद्धूला खूण. आज कालव्याच्या पुलाच्या उतारावर चार वेळा तालीम केली. तिसऱ्या वेळी चाकानं सिद्धूच्या धोतराचा सोगा धरला. सगळे ओरडलो. तो धोतर झाडत म्हणाला, "आरं, पाचशे मेंढराच्या पायात निजलोय मी. ह्ये काय, चार पायाचं एकच हाय."

पोट धरून हसलो.

सोमवार, १४ फेब्रुवारी

अर्जाबरोबर एक जोडपत्र भरून द्यायचं आहे. कलम नववं: 'ब्रेक सुस्थितीत आहेत काय?' माझ्या सर्वांत वळणदार अक्षरात लिहिलं — 'होय. हुकमासरशी तत्काळ लागतात.' एक अक्षर खोटं नाही! खाली सोपानचा अंगठा, 'मजकूर लिहिणार' म्हणून माझी सही.

घरी छबूबाईला म्हणून दाखवलं. चुलीपुढून तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "आन सिद्धूतात्या चाकाखाली आलं म्हंजी?"

बायकोला विनोद सांगू नये. भाकरी करपते.

बुधवार, १६ फेब्रुवारी

काय दिवस!

साहेब आठला हजर. पुण्याचेच, किडकिडीत, डोक्यावर साहेबी टोपी, नाकावर चष्मा. दिवे पाहिले. भोंगा दाबला. टायरवर बोट फिरवलं. "टायर उत्तम ठेवलेत."

"साहेब, पोटच्या पोरावानी जपतो," सोपान म्हणाला. मी आभाळाकडे पाहिलं.

मग पुलाकडे निघालो. मी साहेबांच्या पाठीमागच्या बाकावर. उताराला लागलो तसे साहेब एकाएकी म्हणाले, "थांबव!"

"चांगभलं!"

मागं धप्प. मोटार गचका खाऊन उभी! साहेबांची टोपी पुढच्या काचेवर.

"वा!" साहेब टोपी झाडत म्हणाले. "ब्रेक फारच जोरात लागतो. पुन्हा चालव." पुन्हा थांबवली. पुन्हा चांगभलं. तिसऱ्यांदा मला म्हणाले, "ड्रायव्हर मोठा भाविक दिसतो."

"घराण्यातच आहे," मी म्हणालो.

इंदापूरला त्याच मोटारीनं यायला राजी झाले. तीस मैलांत सोपाननं अकरा वेळा देवाचं नाव घेतलं. निमगावच्या उतारावर एक बैलगाडी आडवी आली, तेव्हा त्याची आरोळी मनापासूनची होती.

रावजीकडे साहेब पाटावर बसले. मी समोर बसून पुण्याच्या गप्पा काढल्या, पोळीवर तूप ओतायला लावलं, नको म्हणाले की आणखी ओतायला लावलं. आणि वाड्यामागून — ठण्! ठण्! चाकं उतरत होती. "कसला आवाज?" "तांबट आहे, साहेब. शेजारी राहतो." विडा खाऊन बाहेर येतो तर रावजीची मोटार सगळे दागिने घालून उभी! सोपानची मोटार वाड्यामागं विटांवर.

साहेबांनी भोंगा दाबला. थांबले. पुन्हा दाबला.

"भोंगे एकाच दुकानातले वाटतं?"

"एकाच, साहेब," मी म्हणालो.

रावजीचा ब्रेक खरा आहे, त्यामुळे देवाला तसदी पडली नाही. दोन्ही पास! दोन्ही!! चाकं पुन्हा आमच्या मोटारीला चढवून परतताना सोपान भसाड्या आवाजात गात होता, मी ठेका धरला, आणि सिद्धू मागच्या पायरीवरून साथ देत होता.

शुक्रवार, १८ फेब्रुवारी

दाखला टपालानं आला. बुकिंगच्या खोलीत देवाच्या तसबिरीशेजारी टांगला. देवाला हार एक, दाखल्याला दोन.

वाचता वाचता मला हसू आवरेना. साहेबांना सबंध मोटारीत दोष सापडला तो एकच. लाल शाईनं लिहिलाय: 'मागील पायरीवर इसम उभा राहतो. हे धोक्याचे आहे. ताबडतोब बंद करावे.'

एवढ्या मोटारीत एकच वस्तू चालू होती, तीच काढायला सांगितली!

रविवार, २० फेब्रुवारी

नाक्यावरच्या शिपायाला दाखल्याची नक्कल पोचलेली आहे. सिद्धूला त्यानं हात धरून पायरीवरून उतरवलं. "पुन्यांदा दिसला तर चलान करीन."

मी सोपानला म्हणालो, "आता तरी ब्रेकचं सामान मागव."

"कशाला? पास झाली की!"

"अरे, पण ब्रेक—"

"मास्तर, सायेबानं तीनदा बगितला. तुमी सोता लिवलंय. आन आता म्हनता ब्रेक न्हाय?" तो चेष्टा करत नव्हता. दाखल्याकडे बघत होता.

सिद्धू पडवीत बसून होता. ठोकळा माझ्या टेबलावर ठेवून उठला. "येतू मास्तर. मेंढरं बरी. त्यास्नी पासिंग न्हाय."

गुरुवार, २४ फेब्रुवारी

बाजाराची गर्दी. उतारावर सोपाननं मोटार शेताच्या बांधावर घातली, तेव्हा थांबली. दोन गाठोडी कालव्यात. माणसं वाचली. माणसं हसलीसुद्धा. हॉटेलात मी ह्यावर चार ओळी जुळवून म्हटल्या. वाहवा झाली.

मंगळवार, १ मार्च

चार ओळींच्या आठ ओळी झाल्या नाहीत. जुळत नाहीत.

गुरुवार, ३ मार्च

छबूबाईच्या बहिणीकडे, गोजरबाईकडे, निमगावला परवा बारसं. दुपारी मी तिकिटं फाडत होतो. बाजाराला आलेल्या बायका परत निघालेल्या, टोपल्या, कोंबड्या, एकीच्या कडेवर तान्हं. चौदा तिकिटं फाडली. पंधरावी समोर आली ती आमची छबू. हातात पिशवी.

"एक निमगाव."

मी म्हणालो, "तू आज जाऊ नकोस. उद्या भावाच्या बैलगाडीनं जा."

"का बरं?"

"सांगतो म्हणून."

तिनं भिंतीकडे पाहिलं. "दाखला तर टांगलाय. दोन हार घालून."

मी तिकिटांचा गठ्ठा सारखा करू लागलो.

"मोटार बरी हाय का न्हाय?"

मागच्या बायका ऐकत होत्या. तिनं आवाज खाली आणला. एवढा खाली मी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता.

"मला नगं म्हनताय. मग ह्या बायास्नी तिकिटं कुन्या हातानं फाडली?"

पैसे टेबलावर ठेवले, तिकीट स्वतःच ओढून घेतलं, आणि जाऊन त्या तान्ह्याच्या आईशेजारी बसली. मोटार गेली.

तेव्हापासून मी दारात उभा. कोणी काही विचारलं तर काय उत्तर दिलं आठवत नाही. साडेपाचला मोटार परत आली. सोपान उतरला. "वैनी पोचल्या. सांजच्याला जेवून घ्या म्हनल्या." त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मार्च नुकता लागलाय, इतका घाम कशाचा?

विचारलं नाही.

शुक्रवार, ४ मार्च

सोपान पहाटे मोटार घेऊन निघून गेला. खोलीत मी एकटाच. साहेबांना लिहायला कागद घेतला. नाव, गाव, हुद्दा, सगळं माझं. 'कलम ९ मधील मजकूर माझा. मालकास अक्षर येत नाही. ब्रेक नाहीत. सदर पायरीवरील इसम हाच ब्रेक होता.' खाली सही केली. वळणदार आली नाही.

टपालात टाकून आलो. सोपानला सांगितलं नाही.

मंगळवार, ८ मार्च

साहेब आले. फौजदार बरोबर. कुणाला न सांगता स्वतः चक्राशी बसले, पुलावर गेले. मोटार बांधावर जाऊन थांबली. परत आले तेव्हा टोपी हातात होती आणि तोंड पांढरं.

मोटारीला सील लागलं. सोपान बाजूला उभा.

साहेबांनी मला जोडपत्र दाखवलं. "'हुकमासरशी तत्काळ लागतात.' हे आपलंच अक्षर?"

"होय."

"सुंदर आहे." जोडपत्राची घडी केली. "मी दाखला दिला तो ह्या कागदावर भरवसा ठेवून, असं मला लिहावं लागेल. आपल्यावर खटला होईल."

तीनदा ब्रेक पाहिल्याचं लिहिणार का, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा.

छबू निमगावहून बैलगाडीनं आली. ऐकलं. ताट वाढलं. "भाकरी खाऊन घ्या," एवढंच म्हणाली.

गावात मला आता कोणी हसून बोलत नाही. मोटार बंद केली मास्तरानं! आजारी माणूस न्यायचा तर आता बैलगाडी. सोपान समोरून गेला, मान वळवून.

सोमवार, १४ मार्च

कचेरीत मामलेदारांनी विचारलं, जामीन कोण? कोणी उठेना. मग मागून सोपान आला आणि त्यानं अंगठा उमटवला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "सोपान, तुझी मोटार मी बंद पाडली."

अंगठ्याची शाई धोतराला पुसत म्हणाला, "व्हय. पुलावर आलो की रोज माजं पाय कापायचं. कुनाला सांगू? तुमास्नी लिवता येतं, मास्तर. मला न्हाय."