पाण्याखालचं मीठ

फागण वद पाचम, सोमवार
रणातून, आपल्या मिठाच्या वाफ्यावरून

चि. जागृतीस तुझ्या आजीचे, समजुमाचे आशीर्वाद. माताजी तुला सुखात ठेवो. इकडे सगळे ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस.

अक्षरावरून ओळखलंच असशील. एरवी मी सांगते आणि मोंघी, तुझी आई, लिहिते. हे पत्र मोंघीकडून लिहून घेण्यासारखं नाही. माझ्या दोन इयत्तांमध्ये जेवढे काना-मात्रा आले तेवढे घातलेत, उरलेले तू घाल. फोन केला असता, पण झोपडीत सगळ्यांचे कान उभे असतात, आणि तू "बोल मा" म्हणालीस की माझ्या जिभेला कुलूप लागतं. माझ्या जिभेला. गाव हसेल.

बकरी व्याली. दोन्ही बोकड, तुझ्या काकासारखे. खातात आणि ओरडतात. यंदा मिठाचा दाणा टपोरा आहे. तुझा बाप आता काठीशिवाय चालतो. दोन बोटं गेली तिथे बूट सैल पडतो, मग चिंध्या कोंबतो. मोंघी त्याला म्हणाली, बरं झालं, नखं कापायचं काम कमी झालं. तो हसला. मी चूल फुंकत बसले.

दवाखान्याच्या फिरत्या गाडीवर तुझ्या जागी आलेला नवा कंपाउंडर सांगत होता, तू आता जखमांना हात लावत नाहीस, शहरातल्या दवाखान्यात नावं लिहायला बसतेस. तूच मागून घेतलंस म्हणे ते काम, पट्टी बांधताना हात लटलट कापतो म्हणून. मी म्हटलं, चांगलं आहे, सावलीतलं काम. म्हटलं आणि पाणी प्यायला उठले. तहान नव्हती.

परवा शेजारच्या वाफ्यावरची वेजू आली. इंजिनाची तापलेली नळी पोटरीला लागून कातडी सोललेली. दुसऱ्या दिवशी गाडी यायचीच होती. पण ती म्हणाली, "समजुमा, तुम्हीच राख-मीठ लावा. जागूच्या पट्टीनं बापाचा पाय खाल्ला, माझा कशाला घालवू?"

हे बोल वेजूचे नाहीत. माझे आहेत. पोषात गाडीच्या पायरीवर तू उभी होतीस, खाली सगळं रण गोळा झालेलं, तेव्हा मीच ते ओरडले होते. तू पिशवी उचललीस आणि आत जाऊन बसलीस. तेच बोल वेजूनं मला परत आणून दिले, जसेच्या तसे, दोन महिन्यांनी. राखेचा डबा माझ्या हातात होता. झाकण सैल होतं, तरी उघडेना.

तिला म्हटलं, थांब. छपराच्या पत्र्यात खोचलेली तुझी जखमा-पट्ट्यांच्या चित्रांची वही काढली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. वेजू कण्हत होती आणि मी 'ज'ला 'ख' जोडत होते. कोरडी जखम असेल तर तिला ओल द्यावी. वाहत असेल तर पाणी पिणारी जाड पट्टी. खोल असेल तर आत सैल भरावं, ठासू नये. भाजलं असेल तर थंड पाणी आणि वर न चिकटणारी जाळी. खाली पायाचं चित्र. बापाचा पाय, उथळ, स्वच्छ, चिकट पट्टीची चकती लावली, पाच दिवस हात लावू नये. त्याखाली दोन रेघा. त्या रेघा कुणासाठी मारल्या होत्यास ते मला तेव्हाही कळलं होतं.

आता लिहिते. लिहायलाच बसले आहे.

बूट घासून करंगळीच्या मुळाशी जखम झाली, तू ती जाडसर चकती चिकटवलीस आणि सांगितलंस, मा, आत पिवळं पाणी धरेल, वास येईल, तो पू नाही, घाबरू नको. तिसऱ्या दिवशी पिवळं पाणी दिसलं. वास आला. मी म्हटलं, काल शिकलेली पोर मला सांगणार? ओलं ते सडतं आणि वाळलं ते भरतं. चकती मी काढली, जागू. पाय उन्हात वाळवला, राख-मीठ भरलं, कोरडं फडकं आवळलं. रोज सकाळी फडकं चिकटलेलं असायचं आणि रोज मी ते ओढून काढायची. तुझा बाप दात-ओठ खायचा. रक्त यायचं, मी म्हणायची, वाईट रक्त जातंय, जाऊ दे.

सहाव्या दिवशी करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं. गाडी दिसली तेव्हा मी तुझी जुनी चकती, डब्यात ठेवलेली, परत त्या जागेवर दाबून बसवली. कडेला भाकरीचं पीठ लावून. तू ती सोललीस, खालचं पाहिलंस आणि तुझा चेहरा. तो मी पाहिलाय. तुला वाटलं, आपण चुकीची पट्टी निवडली.

तुझ्या बापाला, वालजीला, सगळं ठाऊक होतं. त्याला मी माझ्या दुधाची शपथ घातली होती. त्यानं आईचं दूध राखलं आणि लेक घालवली. त्याला बोल लावू नकोस.

वेजूच्या पोटरीवर नुसतं पाणी ओतत राहिले आणि सकाळी तिला गाडीवर पाठवलं. मग वाफ्यात उतरले. दाताळं ओढता ओढता थांबले. मीठ पाण्याखाली वाढतं गं. वरचं पाणी घाईनं काढलं की दाणा मरतो, कडू होतो. याच एका गोष्टीवरून मी दोन सुनांना शिव्या घातल्या. पन्नास वर्षं पिवळ्या पाण्याखाली दाणा धरताना पाहिला, आणि माझ्याच पोराच्या पायात ते मला ओळखता आलं नाही. माझं नाव समजु, म्हणजे समजदार, ठेवणाऱ्या माणसाला शोधते आहे.

काल पाण्याचा टँकर आला. सगळ्या बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. मी हंडा खाली ठेवला आणि म्हटलं, "वालजीचा पाय जागूच्या पट्टीनं नाही गेला. पट्टी मी काढली होती, आणि मीच परत चिकटवली." वेजू म्हणाली, "तेव्हा ओरडताना आवाज मोठा होता, समजुमा. आज पलीकडे ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं. मोठ्यानं. मोंघीनं ऐकलं. तिनं काल मला जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही.

तू ये असं म्हणायला मला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही. हात कापतो तो तुझा नाही. माझा कापायला हवा होता, तो कंप भलत्याच ठिकाणी गेला. नावं लिहिणं सोड. कात्री उचल. तुझी निवड बरोबर होती. हे एवढंच लिहायला दोन पानं लागली.

वही पाठवत नाही. वेजूला हवी आहे.

तुझी चकती काढणारी,
समजु