अर्धा तास बसा

१६ जानेवारी २०२१
आजपासून आमच्या हॉस्पिटलात स्टाफला कोविडची लस. मला ऑब्झर्वेशन रूमचा इन-चार्ज केलंय. टोचून आलेल्याला अर्धा तास खुर्चीत बसवायचं, काही होतंय का बघायचं. सत्तावीस वर्षं नर्सिंगमधे काढल्यावर ही जबाबदारी या नीलकंठला नाही तर कुणाला देणार?
पन्नास जणांनी घेतली. कुणाला काही झालं नाही. मी नाही घेतली. घाबरट नव्हे, सायंटिफिक आहे मी. आधी डेटा बघणार.

२ फेब्रुवारी
आज ऐंशी जण. कुणाला काही नाही. इतकं काहीच न होणं मला संशयास्पद वाटतं.
लस टोचणारी मीणा सिस्टर म्हणाली, भाईसाब, एक डोस उरलाय, लगवा लो. म्हटलं, उपाशीपोटी आहे. दोन कचोऱ्या झाल्या होत्या, पण ते काही जेवण नव्हे. सोमवारी घेतो म्हटलं.

१ मार्च
साठीच्या वरचे आणि शुगरवाले सुरू झाले. आमच्या शकुंतलाला शुगर. स्वानंदी पुण्याहून फोनवर ओरडली, बाबा, आईला आजच न्या. शकुंतला म्हणाली, आधी हे घेऊ देत, मग मी. हॉस्पिटलवाल्यांना जास्त कळतं.
एकोणतीस वर्षं ती माझ्यानंतरच जेवते. सांगूनही ऐकत नाही. खोटं कशाला लिहू, मला बरंच वाटलं.
ठरलं! पाडव्याला दोघं जोडीनं घेणार. मुहूर्तही चांगला.

१३ एप्रिल, पाडवा
गुढी झाली, श्रीखंड झालं, लस राहिली. सकाळपासून अंग जरा कसकसतंय. अशा अंगानं लस घेऊ नये, हे मीच रोज लोकांना सांगतो.
शकुंतला चांगली साडी नेसून तयार बसली होती. म्हटलं, सोमवारी नक्की. तिनं साडी बदलली, घडी घालून ठेवली.

१७ एप्रिल
मी पॉझिटिव्ह. माइल्ड आहे. शकुंतलाला म्हटलं, दुसऱ्या खोलीत राहा. ऐकेल तर शपथ! काढा घेऊन येते, उशाशी बसते.

२२ एप्रिल
आता तीही. ऑक्सिजन ८८. आपलंच हॉस्पिटल म्हणून बेड मिळाला. फॉर्मवर विचारलं होतं, लस झाली का. मी 'नाही' लिहिलं. का नाही, ते विचारलं नव्हतं. बरं झालं.
आठवड्यात घरी येईल. मला अनुभव आहे.

३० एप्रिल
सकाळी पावणेदहाला गेली.

११ मे
स्वानंदीचा फोन आला. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी मारलं गं तुझ्या आईला, असं म्हणणार होतो. जेवलात का, एवढंच तिनं विचारलं आणि मी हो म्हटलं.

२ ऑगस्ट, सोमवार
आजारानंतर तीन महिने थांबायचा नियम होता. ते संपले. आज घेतली. मीणा सिस्टरनं टोचली.
माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्च्यांपैकी एकीवर बसलो. एक बाई शेजारी बसायला आल्या. म्हटलं, इथं कुणीतरी येतंय. त्या पलीकडे बसल्या.
अर्धा तास झाला. काही झालं नाही.

३ ऑगस्ट
हात दुखतोय. ताप नाही.

४ ऑगस्ट
हात दुखायचा थांबला.
एवढंच होतं गं शकुंतला. मी घेतली. आता तू घे.