आडाच्या शेवाळाला नाव

वेरूळ

चि. सौ. राजाबाईस, तुझ्या थोरल्या अक्काचे लेकीच्या घरून पोटभर आशीर्वाद.

तर शेवाळं हुडकत सगळ्यात आधी आल्या कालेजातल्या बाई, मागून दोघं मास्तर. मी आडाच्या काठाचं शेवाळ काथ्यानं घासत होते. लेक तिथंच घसरून पडली होती. काळजी करू नको, आता चालती.

बाई लांबूनच ओरडल्या, "आजी, हात थांबवा!" मग भिंग लावून वाकल्या अन्‌ म्हणल्या, "आम्ही याला नाव ठेवणार."

मी भडकले. "आमच्या आडाला नावं ठेवता व्हय? तुमच्या घरी शेवाळ नसंल!"

समदे हसले. बाई म्हणल्या, "तसं नाही हो, बारशासारखं नाव. हे शेवाळ ओळखीच्या कुठल्याच कुळात बसत नाही. एवढे डोंगर हिंडलो, असं कुठंच दिसलं नाही."

राजे, माझ्या हातातला काथ्याच गळाला. बरंचसं मीच खरडलं होतं गं! वितभर उरलंय. पण आपल्या आडावर असलं काही उगवावं, ह्याचा आनंद बी लई झाला.

शेवाळ मरावं म्हणून पुंजारामरावांनी काठाला लावायला चुना भिजवलेला. मी म्हणलं, "जावईबापू, चुना ओसरीला लावा. हितं लावाल तर मी तुमच्या घरचं पाणी पिणार नाय."

"मामी, शेवाळापायी रुसता?" म्हणत हसले, पण बादली उचलली. लेक आता दुसऱ्या अंगानं पाणी शेंदती.

तुझा गुडघा कसाय? नातवंडं बरी हायेत का?

बारशाला घुगऱ्या मीच शिजवणार. नाव काय बी ठेवोत, तवर तेवढं वितभर जगलं पायजे. कालेजातली मंडळी बेस्तरवारी परत येतो म्हणलीत.

तुझी अक्का,
मनकर्णा