पिकअपची ट्रायल

शहापूर, मंगळवार

प्रिय पंचफुला,

हे पत्र पोस्टानं नाही पाठवत. तुळसा कासारीण बांगड्या भरायले आसगावले येते, तीच तुझ्या हातात देईल. पोस्टाच्या कार्डात तू खुशाल असते, पण अक्षर जावयाचं असते. मी दुसरीच शिकली, तरी पोरीचं अक्षर ओळखते.

आधी गाडीचं सांगते. आपली भाजीची पिकअप आता चढावर खोकलते. बाबुलाल मिस्त्रीनं बोनेट उघडून तीन उपाय सांगितले. एक, ठिणगीचं टायमिंग मागं घ्यायचं अन् पेट्रोलात रॉकेल मिसळून चालवायचं. भंडाऱ्याच्या बाजारापर्यंत रडत रडत जाते. दुसरा, टायमिंग पुढं अन् कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल यायचं भोक, मोठं; पेट्रोल पिते, पण बैलावाणी ओढते. तिसरा, इंजिनच काढून डिझेलचं टाकायचं. तुझ्या बाबांनी पहिलाच धरला. मी विचारलं, अशानं आसगावले जाईल काय? तर म्हणे, तिकडं कायले जाते, पोरगी सुखात हाय. मिस्त्रीनं टायमिंगचा डिस्ट्रिब्युटर बोटभर फिरवला, अन् गाडी बाजाराच्या खुंट्याले बांधली गेली. मी पाहत राहिली. मी तरी कुठं जाते? घर, बाजार, घर.

पोळ्याले तू आली होती. न्हाणीत पाठीवरचे वळ दाखवले. मी म्हटलं, सगळ्याइले सोसावं लागते. चौथ्या दिवशी याच गाडीत बसवून तुले पोचवायले निघालो. पवनीच्या अलीकडं गाडी बंद पडली. तुझे बाबा चाबी फिरवून फिरवून घामाघूम. तू हळूच म्हणाली, माय, गाडीच नाही म्हणते, चाल परत. मी खाली उतरली, पदर खोचला अन् मागून धक्का मारला. मीच मारला, पंचफुला. गाडी सुरू झाली. तवापासून भाकर थापताना मले माझ्या हातांचा राग येते.

तुझे बाबा गुरुवारी तुमसरले लग्नाले जातील, शनिवारी येतील. मी बाबुलालले सांगितलं, दुसरा उपाय कर. तो म्हणे, वहिनी, भाऊ मले मारतील. मी म्हटलं, त्याच्याआधी मी मारीन. हसला मेला. मग म्हणे, नवी सेटिंग केली का लांबची ट्रायल घ्यावीच लागते, अन् पवनीकडचा रस्ता ट्रायलले बरा.

म्हणून लिहून राहिली. शुक्रवारी दुपारी सासू कलंडली का धुणं घेऊन तलावावर ये. गाडी तलावाच्या पाळीवर, बांधावरच, राहील, इंजिन चालूच ठेवू. धुणं तिथंच टाक अन् बाबुलालच्या अन् माझ्या मधे बस. मागं पाहू नको, कपडे-भांडे काही आणू नको. तुझे बाबा आल्यावर काय बोलतील ते मी ऐकून घेईन. या माणसासंग मले राहाचं आहे, ते सुटत नाही, तुझं सुटते. वाचलं का हे चुलीत घाल.

शुक्रवारपर्यंत कशीतरी दम धरून,
तुझीच माय