मिश्रीची डबी

बुद्धप्रिया,

भाकऱ्या दुरडीत झाकून ठेवल्यात. मी दातांच्या दवाखान्यात चाललेय. गालातला पांढरा चट्टा उष्णतेचा न्हाय. आज त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवणार हायेत. पप्पांना एवढंच सांग, की आई केम गावाला मावशीकडं गेलीय.

तंबाखूच्या मिश्रीनं झालं असंल, म्हणाले डॉक्टर. तवापासनं मला माझ्यापेक्षा तुझ्यासाठीच लई भीती वाटतीय. तुझी दाढ ठणकत होती तवा मीच डबी तुझ्या हातात दिली. नंतर दाढ काढली, तरी डबी लवकर रिकामी व्हायला लागली. मला कळत होतं. मी बोलले न्हाय.

खिडकीपाशी आरसा घेऊन दोन्ही गाल उलटून बघ. काय दिसलं न्हाय तरी ये. मी तुझाबी केसपेपर काढून ठेवते.

आई